बोकड धडधाकट, तरी बाद

अलिबागकडच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरी मेहंदीच्या जेवणासाठी मला बोलावलं होतं. मी शोहेत, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे जनावर कापणारा आणि तपासणारा. सुरी फिरली की माझं काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरी जबाबदारी पोट उघडल्यावर सुरू होते.

बोकड आदल्या दिवशीच गावातल्या खाटकाकडून आणलेला. अंगावर तकाकी, डोळे स्वच्छ, पाल्यावर तुटून पडत होता. कापणं बिनचूक झालं. फुफ्फुसांवरून बोटं फिरवली. कुठे चिकटलेलं नाही, भोक नाही. वजडी वेगळी करताना मात्र पोटाच्या जाळीदार कप्प्यावर बाहेरून काहीतरी बोटाला टोचलं. कप्पा उघडला. गंजक्या तारेचा तुकडा आतून शिरून आरपार गेला होता.

तल्मूद या आमच्या धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथाच्या 'हुल्लिन' भागात नेमकं हेच प्रकरण आहे. याच कप्प्यात रुतलेली सुई आतल्याच बाजूला दिसत असेल तर मांस चालतं; आरपार गेली असेल तर जनावर तरेफा, म्हणजे आम्हाला वर्ज्य. रक्ताचा थेंब दिसला तर भोक कापण्याआधीचं. जखमेवर खपली धरली असेल तर निदान तीन दिवसांचं. इथे तपकिरी खपली घट्ट बसली होती. शंकेला जागाच नव्हती.

नवरीची आई रडवेली झाली. "काका, बोकड आजारी कुठे होता? काल दिवसभर उड्या मारत होता!"

तिचं म्हणणं खरं होतं. पण आमचं शास्त्र नुसता आजार बघत नाही. मरणपंथाला लागलेलं जनावरसुद्धा, कापताना जिवंतपणाची हालचाल केली आणि आत असा दोष निघाला नाही, तर नियमाने चालतं. थोर विद्वान ते टाळत, एवढंच. तरेफा ठरते ती इजा, जिच्यातून जनावर सहसा वर्षभर तगत नाही. मध्ययुगातले आमचे थोर धर्मशास्त्री रामबाम (मायमोनिडीज) यांनी अशा 70 इजा मोजून दिल्या आहेत. बाहेरून तकतकीत दिसणं त्यांत कुठेच धरलेलं नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं.

तीन दिवसांचा तो हिशेब तल्मूदमध्ये आला आहे तो पैशांच्या वादासाठी. खरेदी त्याच्या आतली असेल तर दोष विकणाऱ्याच्या दावणीचा. खाटकाला हा कायदा लागू नव्हता, तरी मी त्याला बोलावून खपली दाखवली. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, "चाचा, आमच्यात हे मटण चालतं. हे मी नेतो, तुम्हाला दुसरा देतो." वरचे पैसे त्याने मागितले नाहीत.

दुसऱ्या बोकडाचा तोच कप्पा मी आधी उघडला. स्वच्छ निघाला. तोवर दुपार कलली होती, आचारी घाई करत होते. पण मांस अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात राहायलाच हवं. त्यातलं एक मिनिटही मी कमी करू दिलं नाही.