सेल्फचा एक ‘टक’

गाडी ‘सुरू होत नाही’ आणि गाडीचे इंजिन ‘फिरतच नाही’ या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, हे मला बरीच वर्षे गाडी चालवल्यानंतर, नागपूरच्या कळमना बाजाराबाहेर उभे असताना कळले. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा डिझेल, फिल्टर, पाइपात शिरलेली हवा यांचा विचार करावा. पण ते जागचे हलतच नसेल, तर डिझेलच्या टाकीत डोकावून काहीही हाती लागत नाही. काटोलची संत्री उतरवून परत निघताना आमच्या पिकअपची किल्ली फिरवली, बोनेटखालून ‘टक’ असा एकच आवाज आला आणि त्यानंतर अगदी शांतता पसरली.

अशा वेळी भोवती जमणाऱ्या प्रत्येकाचे निदान एकच असते: बॅटरी गेली. नागपुरात ते अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरात बॅटरीतले पाणी भराभर आटते आणि पट्ट्या लवकर झिजतात. तीनच दिवसांपूर्वी याच दुखण्यावर एका दुकानदाराने मला नवी बॅटरी विकली होती, आणि ती बसवताच गाडी सुरूही झाली होती, त्यामुळे आता बॅटरीवर संशय घेणे मला माझ्याच खिशाचा अपमान वाटत होते.

शेजारच्या गल्लीतले उस्ताद आले आणि त्यांनी पाना बाहेर काढण्याआधी मला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितले. दिवे विझू विझू झाले असते, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर मळ साचला आहे, असा अर्थ निघाला असता. ‘टक’ आवाजच आला नसता, तर किल्ली, रिले किंवा सोलेनॉइडपर्यंत (‘सेल्फ’ला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, वीज जोडणाऱ्या चुंबकी खटक्यापर्यंत) जाणारी बारीक तार तपासावी लागली असती. आमचे दिवे मात्र जेमतेम मंदावले आणि ‘टक’ तेवढा आला. म्हणजे हुकूम सेल्फपर्यंत पोहोचत होता, फक्त त्याला लागणारी ताकद पोहोचत नव्हती. (‘सेल्फ’ हा आपल्याकडचा शब्द ‘सेल्फ स्टार्टर’चे अर्धेच नाव आहे, चार्ल्स केटरिंग यांनी हा स्टार्टर 1911च्या सुमारास घडवला आणि 1912च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला, त्याआधी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि ते उलट फिरले की मनगट मोडे.)

उस्तादांनी मल्टिमीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला टेकवून मला किल्ली फिरवायला लावली. दोन्ही एकाच अर्थिंगवर असल्याने मीटरने जवळजवळ शून्य, फार तर 0.2 व्होल्ट दाखवायला हवे होते. काटा नसलेल्या त्या यंत्राने 5च्या पुढचा आकडा दाखवला.

“बॅटरी चांगली आहे नं भाऊ, परतीचा रस्ताच खराब आहे,” ते म्हणाले.

परतीचा रस्ता म्हणजे बॅटरीचे ऋण टोक जिला जोडलेले असते त्या चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, इंजिनपर्यंत जाणारी, तांब्याच्या बारीक तारा वेणीसारख्या गुंफून केलेली अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असल्याने त्याचा चेसिसशी विजेचा संबंध मुख्यतः या पट्टीनेच जोडलेला असतो. ती बोल्टपाशी हिरवी पडली होती, निम्म्याहून अधिक तारा तुटल्या होत्या, आणि उरलेल्या तारांतून दिव्यापुरता प्रवाह गेला असता, पण सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह जाणे शक्य नव्हते. अशा वेळी हा प्रवाह कधी कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका देण्याइतकी तापते, असे उस्तादांनी अगदी प्रेमाने सांगितले. बॅटरी बदलताना हीच पट्टी हलून तिचे टोक तेवढ्यापुरते नीट टेकले असणार, आणि त्याचे श्रेय नव्या बॅटरीला मिळाले.

त्यांनी जंप केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाला लावले, आणि पहिल्याच किल्लीला इंजिन गरकन फिरले. पट्टी बदलून, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासायला अर्धा तास लागला. माझी जुनी बॅटरी, जिच्यात बहुधा काहीही बिघाड नव्हता, ती मात्र मी त्या दुकानात भंगाराच्या भावाने देऊन आलो होतो.