चणियाचोळीला पन्नास टक्के

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ एका इंटरनॅशनल कुरियरच्या काउंटरवर मी बसते. राख्या संपल्या की चणियाचोळ्यांची, म्हणजे गरब्याच्या घागरा-चोळ्यांची, पार्सलं सुरू होतात, त्या आटोपल्या की दिवाळीचा फराळ, असं आमचं वर्षाचं कॅलेंडर. २०२५ ला नवरात्र २२ सप्टेंबरला बसणार होतं म्हणजे ऑगस्टच्या शेवटी माल निघायलाच हवा, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेनं सगळ्यांची पळापळ केली. २५ तारखेपासून पोस्टानं तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, सुरुवातीला फक्त कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतची गिफ्ट तेवढी चालू होती. २७ ला घरोघरी गणपती बसत होते तेव्हा तिकडं भारतीय मालावरची जादा ड्यूटी ५० टक्के झाली. आणि २९ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जी माफी होती तीच गेली. म्हणजे आधी छोटं पार्सल कुणी विचारत नव्हतं, आता प्रत्येकाचा हिशोब.

२८ ला आमच्याकडं दीड दिवसाचं विसर्जन, मला लवकर निघायचं होतं, आणि तेवढ्यात एक बेन दोन गाठोडी घेऊन आल्या. नवरा बाहेर अ‍ॅक्टिव्हावर, चालूच ठेवलेली. त्यांची मुलगी न्यू जर्सीला एडिसनकडं असते, नोकरी करून शनिवार-रविवारी गरबा शिकवते. गाठोडी सोडली तर एकेक घागरा बघत राहावा असा, कच्छी भरत, आरसे, कवड्या, आणि प्रत्येकाला सेफ्टी पिनने चिठ्ठी लावलेली, त्यावर नाव आणि माप. निम्मी नावं पटेल-शाह, आणि निम्मी चक्क इंग्रजी! एका चिठ्ठीवर उंची पाच फूट अकरा इंच, आणि पुढं शिंप्यासाठी गुजरातीत लिहिलेलं की ही बाई उंच आहे, घेराला खालून आणखी पट्टी लावजो. एक केडियू, म्हणजे पुरुषांचा गरब्याचा घेरदार अंगरखा, पण होतं, कुणा अमेरिकन नवऱ्याचं असणार. बेन म्हणाल्या, मुलीच्या क्लासला आता शेजारपाजारच्या गोऱ्या बायका पण येतात, दोन टाळ्यांचा साधा गरबा जमत नाही पण हौस दांडगी.

वजन केलं, बॉक्सचं माप घेतलं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, जे जास्त भरेल त्याचे पैसे, आणि घागरे फुगतात त्यामुळं नेहमीच मापाचं वजन जास्त भरतं. मग ड्यूटी सांगितली. कपड्यावरची नेहमीची ड्यूटी आहेच, तिच्यावर हे ५० टक्के, शिवाय कस्टम क्लिअर करायची फी वेगळी, आणि हे सगळं तिकडं मुलीला भरावं लागेल. बेन म्हणाल्या, "आ तो गिफ्ट छे ने!" मी विचारलं, पैसे कोणी दिले? तर म्हणे, मुलीनं सगळ्यांकडून घेतले. मग बेन, हे गिफ्ट कसं? त्यांची आयडिया अशी की प्रत्येकीच्या नावानं वेगळा डबा करायचा, शंभर डॉलरच्या आत दाखवायचा, झालं गिफ्ट. मी नाही म्हणाले. पाठवणारी एक, पैसे घेतलेले, सगळे डबे एकाच गावात चाललेले, पकडलं तर माल तिकडंच अडकेल आणि नवरात्र जाईल. नवरा आत येऊन माझ्यावर चिडला, पण मी सही करणार नव्हते म्हणजे नव्हते. शेठ आतून सगळं ऐकत होते, एक अक्षर बोलले नाहीत. शेठ लोकांचं बरं असतं.

माझा भाचा एमएसयूला, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, पॉलिटिकल सायन्स करतो, तो त्या दिवशी डबा द्यायला आला होता आणि सगळा तमाशा बघत उभा. त्याचं लगेच सुरू, मावशी हे सॉफ्ट पॉवर आहे, हार्वर्डच्या जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये मांडलेलं, धाक किंवा पैसा न वापरता नुसत्या आकर्षणानं लोकांना आपल्याकडं ओढायचं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते पण त्यानं ऐकवलं. म्हटलं बाबा, यादी ठीक आहे, पण ती पाच फूट अकरा इंचवाली काय युनेस्को वाचून आली का? ती आली कारण शेजारीण चांगली आहे आणि शनिवारी शाळेच्या जिममध्ये मजा येते. सरकारचा यात हात असेल तर मला तरी काउंटरवरून दिसला नाही. मला दिसतात त्या बेन, त्यांचा शिंपी आणि आमचा वजनकाटा. आणि बडोद्याला हे नवीन थोडीच आहे, इथंच जन्मलेले इनायत खान १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेलेच होते की, संगीत आणि सूफी विचार दोन्ही तिकडं रुजवले. त्यांना पण कुणी सरकारी डेलिगेशन म्हणून पाठवलं नव्हतं.

भाचा म्हणाला म्हणजे टॅरिफसमोर सॉफ्ट पॉवर फेल. मला नाही पटत. ज्या देशानं ड्यूटी लावली त्याच देशातली बाई फोनवर विचारत होती की माझा घागरा निघाला का, कारण बेननी तिथंच मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता आणि ती उंच बाई मागं उभी होती! ड्यूटी मी भरते म्हणत होती. पण मुलगी हिशोबी, ती म्हणाली मम्मी, कोई आववानुं छे के नहीं ते जो, म्हणजे इकडं कुणी येणार आहे का ते बघ.

मग आमच्याच काउंटरवर फोनाफोनी झाली. बडोद्यात कुणी ना कुणी अमेरिकेला जाणारं निघतंच, आणि त्या सीझनला तर गायक, ढोलवाले, आजी-आजोबा सगळेच निघतात. बेनच्या नणंदेच्या सोसायटीतलं एक जोडपं १० सप्टेंबरला अहमदाबादहून निघत होतं, २३-२३ किलोच्या बॅगा, त्यात थोडी जागा होती. तिथं उतरल्यावर सामान काय आणि कुणाचं ते खरं सांगायला लागतं हे मी बेनना स्पष्ट सांगितलं, ऐकलं की नाही माहीत नाही. चिठ्ठ्या मात्र त्यांनी काढू दिल्या नाहीत, नाहीतर कुणाचा कुठला कळणार नाही म्हणे.

लंडन आणि टोरांटोची पार्सलं त्या आठवड्यात आरामात गेली. पोस्टानं अमेरिकेचं बुकिंग १५ ऑक्टोबरला परत सुरू केलं, ड्यूटी इथंच आधी भरून, तोवर नवरात्र कधीच संपलेलं आणि दिवाळी चार-पाच दिवसांवर. त्या मधल्या काळात आमच्याकडं लोक पार्सल नाही, नुसत्या बॅगा जोखायला यायचे, एक किलो काढ, अर्धा किलो घाल, त्यात तासभर काउंटर अडकायचा. शेवटी शेठनी पाटी लावली, बॅग वजन २० रुपये. भाच्यानं तिचा फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.