वेस माँटगोमरीचा एक सोलो कानाने उतरवताना

जॅझ गिटार शिकताना एक टप्पा असा येतो की स्केल म्हणजे स्वरांच्या मालिका पाठ असतात, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर हातात बसलेले असतात, पण वाजवायला लागलं की सुरांची सलग दोन वाक्यंही सुचत नाहीत. मी तिथे बराच काळ अडकले होते. त्यातून सुटायला एकच काम हाती घेतलं. जानेवारी १९६०मध्ये अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमरीने रिव्हरसाइड या तबकड्यांच्या कंपनीसाठी जी तबकडी केली, तिच्यातला एक ब्लूज सोलो, म्हणजे त्याचं एकट्याचं वादन, नोटेशन न बघता, नुसत्या कानाने उतरवायचा.

वेसच का, तर तो स्वतः असाच शिकला. जन्म १९२३चा, इंडियानापोलिसचा. विशीच्या आसपास त्याने जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ऐकला आणि सहा तारांची गिटार घेऊन तबकडीवरचे त्याचे सोलो एकेक स्वर करून बसवले. पहिलं काम मिळालं तेही ते सोलो जसेच्या तसे वाजवण्यासाठी. पाठ केलेलं संपलं की त्याची गिटार गप्प व्हायची. नक्कल करत बसलं तर स्वतःचं काही सापडणार नाही, ही भीती मला होती. ती या माहितीने बरीच कमी झाली.

सुरुवातीला गिटार हातात घेतलीच नाही. नुसता सोलो ऐकला आणि गुणगुणला. कुठे श्वास घेतला जातो, वाक्य बारच्या (मात्रांच्या एका आवर्तनाच्या) आधी सुरू होतं की नंतर, हे गळ्याला आधी कळतं. जी ओळ गाता आली नाही ती पुढे हातालाही आली नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. मग एकेक वाक्य तारांवर शोधलं. आता वेग निम्मा केला तरी स्वर तोच राहतो, त्यामुळे आपलं काम फार सोपं झालंय. वेसकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या आणि घरात झोपलेली माणसं.

अंगठ्याची गोष्ट त्या झोपलेल्या माणसांपासूनच सुरू होते. रात्री ॲम्प्लिफायरचा आवाज लोकांना नको व्हायचा, म्हणून त्याने पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, बाजूला ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने छेडायला सुरुवात केली, असं सांगतात. मीही पिक ठेवून दिलं आणि मला सर्वात जास्त इथेच शिकायला मिळालं. अंगठा मुख्यतः वरून खालीच छेडतो, त्यामुळे जलद ओळीत प्रत्येक स्वर छेडणं जमतच नाही. काही स्वर डाव्या हातानेच, तार न छेडता काढावे लागतात. ते कुठले, हे ठरवताना त्याच्या ओळीतला झोका कुठून येतो ते उलगडत गेलं. पिकने तीच ओळ वाजवली तर स्वर बरोबर येतात, पण चाल हरवते.

त्यानंतर आले ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवणं. सहाव्या आणि चौथ्या तारेवर तर्जनी आणि अनामिका, मधे दोन फ्रेटचं (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर. वरच्या तारांवर गेलं की अंतर तीन फ्रेटचं होतं आणि अनामिकेऐवजी करंगळी लागते. मधल्या तारेला तर्जनीचा हलका स्पर्श ठेवून तिला मुकं करायचं. आकृती एका दिवसात कळते. ती न बघता गळ्यातल्या सुराबरोबर हलवायला महिने लागतात. मनगट दुखलं तर थांबावं, हे आवर्जून सांगते.

सोलोच्या शेवटी कॉर्डचा जो भाग येतो, त्यात मला आधी फक्त वरचा आणि खालचा स्वर ऐकू यायचा. आतले स्वर तर्काने भरले, मग तबकडीशी ताडून पाहिले. एकेरी ओळ, मग ऑक्टेव्ह, मग कॉर्ड, अशी चढण त्याने कितीतरी सोलोंत बांधली आहे. वाजवून पाहिल्यावर कळतं की प्रत्येक पायरीला आधीची पायरी पुरेपूर वापरून झालेली असते.

ही सबुरी त्याच्या शहराने दिली, असं माझं ठाम मत आहे. जॅझ वादक लायोनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदाबरोबर तो १९४८ ते १९५० फिरला आणि घरी परतला. संसार मोठा, सात मुलं. दिवसा कारखाना, रात्री टर्फ बार, तो बंद झाला की मिसाइल रूम या क्लबमध्ये पहाटेपर्यंत वादन. १९५९मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने त्याला तिथे ऐकलं आणि रिव्हरसाइडचा निर्माता ऑरिन कीपन्यूज याला कळवलं. तेव्हा वेस छत्तीस वर्षांचा होता. पुढे लोकप्रियता मिळाली, ग्रॅमी मिळालं, आणि १५ जून १९६८ला हृदयविकाराने इंडियानापोलिसमध्येच तो गेला. गावाबाहेर स्वतःच्या नावावरची कारकीर्द जेमतेम नऊ वर्षांची. तिची सगळी तयारी त्या पहाटेच्या मैफलींत झालेली होती.

आता मी ऑक्टोबर १९५९ची त्रिकुटाची तबकडी घेतली आहे. तिच्यात मेल्विन ऱ्हाइन ऑर्गनवर आणि पॉल पार्कर ड्रम्सवर, दोघेही त्याच्या गावातल्या क्लबांतले साथीदार. वेगळा बासवादक नाही, बासची बाजू ऑर्गनच सांभाळतो. सध्या गिटारचे स्वर बाजूला ठेवून आधी ती बासची ओळच गुणगुणायला शिकते आहे.