स्कोअरकार्ड पाठवायचं राहिलं

बेसबॉल मला कळत नाही. तीन स्ट्राइक झाले की माणूस बाद, आणि चेंडू मैदानाबाहेर गेला की सगळे नाचतात, एवढ्यावर माझी मजल संपते. तरीही बेसबॉलवरचा एक सिनेमा मी आजवर पाच-सहा वेळा पाहिलाय आणि दर वेळी शेवटी चष्मा पुसायला घेतलाय. घरात आता कुणी काही विचारतही नाही.

'बँग द ड्रम स्लोली', १९७३ चा. मार्क हॅरिसच्या १९५६ सालच्या कादंबरीवरून केलेला, पटकथाही त्याचीच. सुरुवातीलाच दोन खेळाडू रिकाम्या मैदानात शेजारी-शेजारी धावताना दिसतात. एक हेन्री विगन, न्यूयॉर्क मॅमथ्स नावाच्या काल्पनिक संघाचा भाव खाणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. दुसरा ब्रूस पिअर्सन, कॅचर, संघात असला काय नि नसला काय असा. ब्रूसला हॉजकिन्सचा आजार, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, झालाय. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमधून दोघं बाहेर पडतात, तेव्हा संघात हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक असतं. आज या आजारातून बहुतेक रोगी बरे होतात. कादंबरी लिहिली गेली तेव्हा मात्र ती फाशीचीच शिक्षा होती.

इथवर वाचून तुम्हाला 'आनंद' आठवला असेल. मलाही आठवला होता. पण आनंद भेटेल त्याला जिंकून घेतो. त्याला शब्द सुचतात, त्याच्या हसण्याने खोली भरते, त्याच्यासाठी रडायला आपल्याला काही कष्ट पडत नाहीत. ब्रूसला शब्द सुचत नाहीत. गालात तंबाखूचा तोबरा, जॉर्जियाकडची संथ बोली, विनोद झाला की दोन क्षणांनी हसणारा. प्रेमात पडलाय तोही अशा बाईच्या, जिचा डोळा त्याच्या विम्याच्या पैशांवर आहे. मरण जवळ आलं म्हणून त्याला शहाणपणाची वाक्यंही सुचत नाहीत. हे काम रॉबर्ट डी नीरोने केलंय. अजून तो 'डी नीरो' झालेला नव्हता, त्यामुळे पडद्यावर नट दिसतच नाही. आपल्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा दिसतो.

हेन्रीने एक पुस्तक लिहिलंय, म्हणून बाकीचे त्याला चिडवून 'ऑथर' म्हणतात. ब्रूसला वाटतं, याचं नाव आर्थर. तो त्याला आर्थर म्हणूनच हाक मारतो, आणि हेन्री त्या हाकेला ओ देतो. त्यांची मैत्री मला या एका हाकेतच सगळ्यात जास्त दिसते.

कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक समजा, फक्त तो उकिडवा बसतो आणि बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो, कुठला चेंडू टाक. दोघांमध्ये साठेक फुटांचं अंतर. या जोडीला बेसबॉलवाले 'बॅटरी' म्हणतात. कॅचरचा मुखवटा, छातीचं कवच, पायांची पॅडं यांना मात्र त्यांनी थट्टेने नाव ठेवलंय, 'अडाणीपणाची हत्यारं'. शहाणा माणूस असल्या जागी कशाला बसेल? ब्रूस बसतो.

कराराच्या वेळी हेन्री पैशासाठी अडून बसलेला असतो. मग अचानक तो आकड्याचा हट्ट सोडतो आणि एकच कलम मागतो: ठेवायचं तर आम्हा दोघांना, विकायचं तर दोघांनाही एकाच ठिकाणी. मॅनेजर डचचं डोकंच चालत नाही. हा एवढा मोठा पिचर त्या ठोंब्याच्या गळ्यात गळा का घालतोय? तो खोदून खोदून विचारतो आणि हेन्री एकीवर एक थापा मारत जातो. व्हिन्सेंट गार्डेनियाला या डचसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते उगाच नाही.

या 'विकायचं' शब्दाचं वजन आज लक्षात येत नाही. त्या काळी खेळाडू खरोखरच क्लबच्या मालकीचा असे. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूला त्याच्या क्लबने परस्पर दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं, त्याविरुद्ध तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. बेड्या सैल झाल्या त्या १९७५ च्या डिसेंबरात, एका लवादाच्या निकालाने. म्हणजे सिनेमा आला तेव्हा हेन्रीला स्वतःला मोकळं करून घेता येत नव्हतं. बांधून घेता येत होतं, तेवढं त्याने घेतलं.

पण मला जो भाग पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, तो पत्त्यांचा. हेन्री आणि संघातला कोच हॉटेलच्या लॉबीत एक खेळ मांडतात. नाव 'टेग्वार'. इंग्रजीत त्याचा विस्तार होतो तो असा: कुठलेही नियम नसलेला अत्यंत थरारक खेळ. दोघं भराभर पत्ते टाकतात, काहीबाही पुकारतात, आणि बघणारा एखादा बकरा 'मला घ्या ना' म्हणत पैसे घेऊन बसतो. नियम विचारायची त्याला लाज वाटते, आणि त्यातच तो नागवला जातो. ब्रूसला मात्र ते खेळात घेत नाहीत. फसवाफसवीत साथीदार व्हायलाही थोडी अक्कल लागते. आजाराची बातमी कोचला कळते, त्यानंतर त्याला घेतात.

हे पाहताना मी खुर्चीत जरा सरकून बसतो. आमचाही टेग्वार होता. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, मांडीवर बॅग आडवी ठेवून, मेंढीकोट. फोर्थ सीटवर अर्धा टेकलेला एक जण असायचा. अकाउंट्समधला, डब्याला पिवळी पिशवी. कुणी आला नाही की चौथा हात म्हणून त्याला घ्यायचो. दर दोन हातांनी तो विचारायचा, "हुकूम काय आहे?" आम्ही त्याचं नाव हुकूमचंद ठेवलं. मग एकदा कुणीतरी त्याला चुकीचा हुकूम सांगितला. मग रोजच. बदामावर त्याने ऐटीत इस्पिक मारायचं आणि आम्ही ठाण्यापर्यंत हसायचं. तोही हसायचा, दोन क्षणांनी. 'कुणीतरी' लिहिलं खरं, पण तो मीच होतो.

सिनेमात एकेकाला बातमी कळत जाते, ब्रूसला गिऱ्हाईक करणं थांबतं, आपसातल्या कुरबुरी थांबतात आणि संघ जिंकू लागतो. हे जिंकणं मला थोडं सोयीचंच वाटतं, पण तेवढं मी माफ केलंय. कारण शेवट सोयीचा नाही. ब्रूस घरी निघतो तेव्हा हेन्रीला एवढंच सांगतो, वर्ल्ड सीरिजचं, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचं, स्कोअरकार्ड पाठव. एका तिकिटाचं काम. हेन्री हो म्हणतो, आणि पाठवत नाही. करारात नाव बांधून घेणारा, महिनोन्महिने थापा पचवणारा हाच हेन्री. अखेर तो स्वतःशी म्हणतो, यापुढे कुणाची टर उडवणार नाही. इंग्रजीत तिथे 'रॅग' हे क्रियापद आहे. आपण हॉस्टेलवरून उचललेलं 'रॅगिंग' तेच.

गेल्या रविवारी सिनेमा संपल्यावर मी फोन घेऊन बसलो. हुकूमचंद निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्याच्या शेवटच्या दिवशी डब्यात पेढे वाटले होते, ग्रुपचा फोटो काढला होता. "मला पाठव हं," तो म्हणाला होता. मी "लगेच" म्हणालो होतो.

गॅलरीत मागे मागे जात फोटो सापडला. सगळे दात काढून हसतायत. तो डावीकडे कडेला, अर्धाच आलाय. सेल्फी घेताना "अरे जरा सरक" मीच ओरडलो होतो, तेव्हा तो नेमका बाहेरच्या बाजूला सरकला. तसाच पाठवला. बराच वेळ काही नाही. मग निळ्या खुणा, आणि खाली त्याचं उत्तर:

"वा, मस्त. डावीकडचा हात माझाच ना?"