घोड्यांच्या मैदानावर चढलेला झेंडा

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई, तिथल्या 'शां द मार्स'वर पोचलो तेव्हा ऊन टळटळत होतं. स्वातंत्र्याचं स्मारक बघायचं म्हणून आलो, आणि समोर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान! १८१२ पासूनचं. मॉरिशसचा झेंडा पहिल्यांदा चढला तो इथेच, १२ मार्च १९६८ ला, भर दुपारी बारा वाजता. दांडीयात्रेची तारीख मुद्दाम निवडलेली.

आमचा टॅक्सीवाला मॉरिशसचा मराठी. त्याच्या पणज्याला रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत करारावर आणलेलं. सकाळी आप्रवासी घाटावर त्या दगडी पायऱ्या त्यानेच दाखवल्या. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख हिंदुस्थानी मजूर या बंदरात उतरले. त्याचं मराठी तुटक, पण 'आजा-आजी' अगदी कोकणी.

"आजा रामगुलामांचा माणूस, स्वातंत्र्यवाला," तो म्हणाला. "आजी म्हणायची, इंग्रज गेला तर साखर घेणार कोण?"

मला हसू आलं, पण म्हातारीचा प्रश्न रास्त होता. सगळा देश उसावर उभा. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्य मागणाऱ्या शिवसागर रामगुलामांची आघाडी जिंकली खरी, तरी ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. जानेवारीत याच शहरात दंगली पेटल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. त्यामुळे सोहळ्याला यायची ब्रिटनची राजकन्या अलेक्झांड्रा आलीच नाही. शाळेत आपण शिकतो तसं 'सारा देश एकदिलाने' वगैरे इथे नव्हतं, आणि मला तेच जास्त खरं वाटलं.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा विषय मीच काढला. स्वातंत्र्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ती बेटं तीस लाख पौंडांच्या बदल्यात मॉरिशसपासून तोडली. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला आणि तिथली माणसं उचलून बरीचशी याच बंदरात आणून टाकली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती तोडणी बेकायदा असल्याचं मत दिलं. घर मोडल्यावर चोपन्न वर्षांनी!

तो काही बोलला नाही. गाडीची काच खाली केली, रिकाम्या मैदानाकडे बघत राहिला.

"शनिवारी यायला हवं होतं तुम्ही," शेवटी म्हणाला. "घोडे असते."