उघडण्याचं पाहिलं, मिटण्याचं राहिलं

काकांनी बटण दाबलं, पातं खटकन उघडलं आणि मी हसलो. त्या एका आवाजासाठी मी सात आठवडे घालवले होते. पण मिनिटभरात त्यांनी तोच चाकू मिटायला घेतला आणि माझ्या पोटात गोळा आला. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी तो प्रसंग डोक्यातून जात नाही.

काकांना डावा हात कोपरापासून खाली नाही. फार पूर्वी एका यंत्रात गेला. बागकाम करतात. दिवसभर सुतळी काप, पोतं उसव, कलमाची पट्टी सोडव, असं चालू असतं. खिशात घडीचा साधा चाकू. तो उघडायचा कसा, तर दातांनी. पातं दातांत धरायचं आणि मूठ खाली ओढायची. पुढच्या एका दाताचा त्यात टवका उडालेला होता. मी चाकू बनवतो. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "एका बोटाने उघडेल असा बनवून द्या."

मी आधी म्यानातली सरळ सुरी सुचवली. एका हाताच्या माणसाला त्याहून सोपं काही नाही. ते नको म्हणाले. "लोक आधीच हाताकडे बघतात. आता कमरेच्या सुरीकडेही बघतील." यावर मी पुढे काही बोललो नाही.

मग सुचला खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबताच स्प्रिंगच्या जोराने उघडणारा. त्याचं नाव काढलं की लोकांना फक्त मारामारी आठवते. कायदे करणाऱ्यांचंही तसंच. अमेरिकेने १९५८ मध्ये केंद्रीय कायद्याने अशा चाकूंच्या व्यापारावर बंधनं आणली, पुढच्याच वर्षी ब्रिटनने त्यांची निर्मिती आणि विक्रीच बंद केली. मात्र त्या अमेरिकी कायद्यात एक छोटी सूट आहे: ज्याला एकच हात आहे त्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू जवळ बाळगला तर चालतं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी काकांसारख्या माणसाचा विचार केला होता. आमच्याकडचे नियम तपासून घेतले, पातं ७० मिलिमीटरचं ठरवलं आणि कामाला लागलो.

या चाकूचा जीव स्प्रिंगमध्ये आहे असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो बटणात असतो. बटण म्हणजे एक छोटा दंडगोल, अर्धा जाड आणि अर्ध्याला बारीक मान. पात्याचं बूड पिव्हटभोवती, म्हणजे मधल्या खिळीभोवती, फिरतं, त्याच्या कडेला दोन अर्धगोल खाचा असतात. एक मिटलेल्या जागेची, दुसरी उघड्या जागेची. बटण वर असलं की जाड भाग खाचेत बसतो आणि पातं जागचं हलत नाही. दाबलं की मान खाचेसमोर येते आणि पात्याला वाट मिळते. सगळी सुरक्षितता या दोन खाचांवर उभी आहे, आणि त्या पाडणं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण. कडेवर ड्रिल लावलं तर ते अर्धं पोलादात आणि अर्धं हवेत चालतं, आणि हवेकडे पळतं. म्हणून बुडाला आधी जास्तीचं पोलाद राखायचं. मुठीतल्या बटणाच्या भोकालाच साचा मानायचं, पातं नेमक्या जागी आवळायचं, त्याच भोकातून ड्रिल आणि मागोमाग भोक नेमक्या मापाचं करणारा रीमर उतरवायचा. पूर्ण गोल भोक पडलं की बाहेरची कड कानशीने घासत खाच मोकळी करायची. तेच पुन्हा दुसऱ्या खाचेसाठी.

एवढं करून पात्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलं, की माप थोडं सरकतंच. मी ओ-१ नावाचं पोलाद वापरलं. सुमारे ८०० अंशांवर तापवून तेलात विझवलं, मग ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंशांवर दोन-दोन तास दोन वेळा टेम्पर केलं. थंड झाल्यावर बटण घालून पाहिलं तर उघड्या जागेची खाच किंचित अडत होती. पितळी कांडीला घासायची पेस्ट लावून ती उतरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. बटणाच्या जाड भागाला मी अगदी बारीक उतार दिला होता, म्हणजे पुढे झीज झाली तरी बटण थोडं अधिक वर येऊन फट भरून काढेल. बसवल्यावर पातं कुठल्याही दिशेला रेसभर हलत नव्हतं. ते काम मला आजही चांगलंच वाटतं.

स्प्रिंगसाठी १.२ मिलिमीटरची पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, घेतली, गुंडाळून २५० अंशांवर अर्धा तास ठेवली. जोर भरपूर आला. एका मित्राने हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "अजून थोडा कडक कर." मलाही तसंच वाटत होतं. अशा चाकूंचे व्हिडिओ मी ढिगाने पाहिले होते. बनवणारे उघडण्याचे दहा शॉट दाखवतात आणि मिटताना कॅमेरा बंद करतात. हे माझ्या लक्षात आलं, पण फार उशिरा.

त्या दिवशी बटण दाबताच पात्याच्या झटक्याने मूठ काकांच्या तळव्यात थोडी फिरली. त्यांनी ती सावरली. मग मिटायची वेळ आली. मी स्वतः चाकू कसा मिटतो याकडे तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी एका हाताच्या अंगठ्याने बटण दाबतो आणि दुसऱ्या हाताने पातं लोटतो. काकांनी बटणावर अंगठा ठेवला, पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि दाबायला लागले. ही स्प्रिंग मिटेपर्यंत विरोध करते आणि पातं जसं आत येतं तसा तिचा जोर वाढत जातो. म्हणजे धार बोटांच्या सगळ्यात जवळ असते तेव्हाच तो सगळ्यात जास्त. अंगठा बटणावर अडकलेला, म्हणून मूठ धरायला उरलेली चार बोटं नेमकी धारेच्या वाटेत. पातं अर्ध्यावर आलं असताना मूठ निसटली. तर्जनीवर एक लाल रेघ उमटली.

त्यांनी बोट पँटला पुसलं आणि म्हणाले, "जमेल हो. सवय होईल."

जखम किरकोळ होती. मला लागलं ते त्यांचं वाक्य. दातांनी चाकू उघडायची सवय त्यांनी अशीच करून घेतली असणार.

मी चाकू परत ठेवून घेतला. वायर १.२ ऐवजी १ मिलिमीटरची केली. वेटोळी आणि व्यास तेच ठेवले तरी स्प्रिंगचा ताठपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने तो निम्म्याखाली आला. धारेचा मुठीजवळचा बोटभर भाग बोथट केला. आणि एक गोष्ट बटणाशी खेळताना सापडली: ते शेवटपर्यंत दाबून धरायची गरजच नाही. खाच सुटली की पात्याचं बूडच बटणाला खाली धरून ठेवतं. अंगठा मोकळा होतो, पकड बदलता येते, बोटं बाजूला घेता येतात. सात आठवडे ते यंत्र माझ्या हातात होतं आणि हे मला ठाऊक नव्हतं.

पण स्प्रिंग हलकी केल्यावर दुसरी भीती सुरू झाली. जोर कमी पडून पातं शेवटच्या केसभर अंतरावर थांबलं, तर बटण वर येणार नाही. चाकू उघडा दिसेल, पण कुलूप लागलेलं नसेल, आणि कापताना पातं बोटांवर मिटेल. मी मुठीत माती आणि लाकडाचा भुसा घालून ५० वेळा उघडून पाहिला. चार वेळा बटण अर्धवट राहिलं. पुन्हा कडक स्प्रिंग घालायची नव्हती, म्हणून घर्षण कमी करत गेलो. फॉस्फर ब्रॉन्झचे वॉशर आरशासारखे घासले, कचरा बाहेर पडावा म्हणून मुठीची पाठ मोकळी केली. पुन्हा ५० वेळा. या खेपेला एकदाच अडलं.

त्या एकावर मी आठवडाभर अडून बसलो होतो. शेवटी बटणाच्या कडेला एक रेघ कोरली. बटण पूर्ण वर आलं तरच ती मुठीच्या वर दिसते. काकांना दाखवलं: उघडल्यावर आधी रेघ बघायची, मग कापायचं. ते बघतात म्हणतात. बागेत, घाईत, दर वेळी बघत असतील का, मला खात्री नाही.

आणि ज्याचा मला खरा त्रास होतो ती गोष्ट वेगळीच आहे. अंगठ्याने ढकलून उघडायचा, आतल्या पट्टीच्या कुलपाचा साधा चाकू एका हाताने उघडतो आणि एका हाताने मिटतोही. त्यात मिटताना लढणारी स्प्रिंगच नसते. मला तो येतो, मी असे कितीतरी बनवलेत. काका पहिल्यांदा आले त्या दिवशी मी त्याचं नावही काढलं नाही, कारण खटक्याचा चाकू बनवायची मला कित्येक वर्षांची हौस होती आणि त्यांच्या रूपाने ती भागवायची संधी सापडली.

आता तो साधा चाकू बनवतोय. मागच्या आठवड्यात काका धार लावायला आले तेव्हा त्यांचा अंगठा कुठवर पोचतो ते मोजून घेतलं. त्यांनी अर्धवट चाकू उचलून निरखला.

"यात स्प्रिंग नाही?"

"नाही. मिटायला सोपा जाईल."

त्यांनी खिशातला आपला काढला, बटण दाबलं, रेघेकडे एकदा पाहिलं, मग पात्याची पाठ कमरेच्या पट्ट्याला टेकवून न बघता मिटला.

"मग आवाज कुठून येणार?"