पाटी एक, झाड दुसरंच

एक जुनी खासगी बाग मोडायची होती. त्याआधी तिथल्या साल्व्हिया ओळखून, कलमं काढून संग्रहात आणायचं काम माझ्याकडे आलं. साल्व्हिया म्हणजे लाल फुलांचं वाफ्यातलं रोप, एवढीच बहुतेकांची ओळख. प्रत्यक्षात जाती हजाराच्या आसपास.

तुळशीच्या कुळातली म्हणून खोड चौकोनी, पण पुंकेसर मात्र दोनच. इतकं सोपं. खरी कटकट झुडपी ग्रेगी आणि मायक्रोफिला या सारख्या दिसणाऱ्या दोन जातींची. ग्रेगीच्या पानाची कड बहुधा सलग, मायक्रोफिलाची दातेरी. तरी शंका राहिली तर फुलाची नळी ब्लेडनं उभी चिरायची आणि भिंगातून आत पाहायचं: मायक्रोफिलात दोन बारीक उंचवटे दिसतात. संकरित रोपं यातलं काहीच धड पाळत नाहीत.

‘हॉट लिप्स’ या दुरंगी वाणाची निम्मी झाडं आधीच उपटून टाकलेली. कारण? फुलं पांढरी-लाल न येता नुसती लाल आली, म्हणजे विकणाऱ्यानं फसवलं! अहो, उन्हाळ्यात ती लालच होते. हवा निवली की पांढरा रंग परत येतो. विचारायचं तरी कुणाला.

मग ते झाड दिसलं. पाटीवर ‘ब्लॅक अँड ब्लू’. त्या वाणाचा कप, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेलं आवरण, काळा आणि फूल गर्द निळं असतं. इथं कप काळा, पण फूल चक्क जांभळं. म्हणजे ‘अमिस्ताद’ हा जांभळा वाण, असं सोबतच्या सहकाऱ्यानं लांबूनच जाहीर केलं. त्याला सगळं लांबूनच कळतं. अमिस्ताद 2005 मध्ये अर्जेंटिनात सापडली, तिचे आईबाप आजही नक्की ठाऊक नाहीत, आणि ती सहसा बी धरत नाही. मी वाळलेले कप एकेक करून तळहातावर झटकले. एका कपातून टपोरं, काळपट बी पडलं.

“पाटीवर आहे तेच लिहा ना,” मालकीणबाई म्हणाल्या. नाही लिहिलं. फुलं नसलेले शेंडे पेराखाली कापले, मोठी पानं अर्धी छाटली, भरड वाळूच्या मिश्रणात खोचले. पाटीवर पेन्सिलीनं लिहिलं, कारण मार्करची शाई उन्हात उडते: ‘साल्व्हिया, काळा कप, जांभळं फूल, बी धरते’. संग्रहाच्या नोंदवहीला असलं नाव चालत नाही, त्यामुळे तो रकाना अजून कोराच आहे.

बी वेगळं पेरलंय. उगवलं तर आधी फुलाचा रंग बघायचा.